वाणीशुद्धी सप्ताहातला विनोद

१

रेकॉर्डिंगचं कार्ड चोरीला गेलं होतं आणि चोर कोण, हे जजबाई पोचायच्या आधीच ठरून गेलं होतं. या दोन गोष्टींपैकी बाईंना दुसरीचाच जास्त राग आला.

जजबाई कुटुंब न्यायालयातून निवृत्त झालेल्या. उभं आयुष्य नवरा-बायकोंची भांडणं ऐकण्यात गेलेलं, त्यामुळे शिव्यांना त्या दचकत नसत. दचकत त्या फार गोड आवाजाला. निवृत्तीनंतर रेडिओ स्टेशनने त्यांना श्रोत्यांच्या तक्रारींवर निकाल द्यायला नेमलं, तेव्हा त्यांनी एकच अट घातली होती: माझा निकाल जसाच्या तसा प्रसारित व्हायला हवा. मालकांनी हसत मान डोलावली होती, कारण तोवर तक्रारी यायच्या त्या जाहिराती फार आणि गाणी कमी अशाच.

झालं होतं ते असं. स्टेशनवर रोज सकाळी ‘ठसका’ नावाचा कार्यक्रम चाले. तो रंगवणारा दादा आणि त्याच्या जोडीला वहिनी. दोघांचं एकमेकांशी काडीचं नातं नव्हतं, ती कार्यक्रमापुरती नावं. दादाने चावट बोलायचं आणि वहिनीने “शी! काय हे दादा, घरोघरी पोरंबाळं ऐकतायत,” म्हणायचं, अशी कामाची वाटणी. अख्खं शहर सकाळी दात घासता घासता हे ऐकायचं आणि दुपारी त्यावर नाक मुरडायचं. या आठवड्यात मात्र एका साबणाच्या कंपनीने भरपूर जाहिराती दिल्या होत्या. ‘तन शुद्ध, मन शुद्ध’ हे तिचं ब्रीद. तिला खूश करायला मालकांनी वाणीशुद्धी सप्ताह जाहीर केला होता.

काल सकाळी दादाने ते ब्रीद वाचलं, क्षणभर थांबला आणि म्हणाला, “तन बाहेरून धुता येतं हो. पण मनापर्यंत वडी पोचवायची, तर घालायची कुठून?” आणि वर पादल्याचा आवाज निघतो ते बटण दाबलं.

असल्या प्रसंगासाठी स्टेशनवर एक सोय होती. स्टुडिओतला आवाज लगेच प्रसारित होत नसे, काही क्षण यंत्रात अडकून मग बाहेर जाई. तेवढ्यात काचेपलीकडे बसलेल्या मुलीने लाल बटण दाबलं, की नको तो तुकडा गळून पडायचा. त्या मुलीला सगळे चिमणी म्हणत. अंगाने बारीक, आवाजाने त्याहून बारीक.

“तिने बटण दाबलं नाही,” मालक म्हणाले. “यंत्र तपासून घेतलं, ठणठणीत आहे. आणि तक्रारींचा फोन काल सकाळपासून वाजतोय तो वाजतोच आहे. शहरभर बोभाटा झाला. वर कालचं रेकॉर्डिंग गायब! प्रत्यक्ष काय प्रसारित झालं, त्याची नोंद होते त्या कार्डावर. आपलं पितळ उघडं पडेल म्हणून पोरीनेच ते लांबवलं. संध्याकाळी तिला काढतोय, आणि पोलिसांतही देणार.”

“मग मला कशाला बोलावलंत?”

“तुमची सही हवी, बाई. निवृत्त न्यायाधीशांची सही असली की साबणवाल्यांचं समाधान होईल.”

जजबाईंनी पेन पर्समध्ये परत ठेवलं आणि पर्सची चेन ओढली.

“सही करते. पण आधी ऐकते.”

“काय ऐकता?”

“सगळंच,” बाई म्हणाल्या. “इथे आजवर कुणी ते केलेलं दिसत नाही.”

२

चिमणी तक्रारींच्या फोनच्या खोलीत बसून होती. तिला तिच्या जागेवर बसायला मनाई केली होती.

“दाबलंस का?” बाईंनी थेट विचारलं.

“दाबलं, बाई. ‘कुठून’ म्हणायच्या आत अंगठा बसला होता माझा. दादा चावट बोलणार असला की आधी नाकाने जोरात श्वास घेतो. मला तो श्वास ओळखू येतो. आजवर एकदाही चुकले नाही.”

“आणि कार्ड?”

“मी कशाला घेऊ? माझा खरेपणा सांगणारं तेच एक होतं.”

“मग एवढ्या लोकांनी ऐकलं कसं?”

चिमणीने खाली पाहिलं. “तेच कळत नाही हो. एक-दोघं खोटं बोलतील. पण इतके लोक? काल रात्रभर मी हाच विचार करतेय. आता तर मलाच वाटायला लागलंय, की दाबलं असं नुसतं वाटलं असेल मला.”

बाईंना हे ऐकवेना. आरोप नाकारणारी माणसं त्यांनी ढिगाने पाहिली होती. पण खरं बोलणारं माणूस केवळ गर्दी बघून स्वतःवरच संशय घ्यायला लागतं, तेव्हा त्यांच्या डोक्यात तिडीक उठत असे.

“नोकरी गेली तर गेली,” चिमणी म्हणाली. “पण चोर म्हणून बाहेर पडले, तर कुठलं स्टेशन मला दारात उभं करेल? मला एक दिवस काचेच्या त्या बाजूला बसायचं होतं, बाई. माइकसमोर.”

“रडायचं नाही. निरोप लाव.”

तक्रारींच्या फोनवर कुणी उचलायला नसलं तर निरोप आपोआप साठत, आणि आले त्याच क्रमाने परत ऐकता येत. पहिला निरोप एका म्हाताऱ्याचा होता. आवाज घोगरा, थरथरता. “तन शुद्ध, मन शुद्ध! आणि मनापर्यंत वडी पोचवायची तर घालायची कुठून, असं विचारतो हा माणूस? वर तो घाणेरडा आवाज? बंद करा हा कार्यक्रम! ही सकाळची वेळ चांगल्या विचारांना द्या!” त्याच्या मागे धप धप आवाज येत होता, कुणी शेजारी सतरंजी झटकत असावं तसा.

त्यापुढचे निरोप ऐकताना मात्र बाई खुर्चीत पुढे सरकून बसल्या. एका गृहस्थाच्या म्हणण्याप्रमाणे दादाने नव्या नवरा-नवरीच्या पलंगाबद्दल काहीतरी म्हटलं होतं. एका मास्तरांनी एक बैल, एक डॉक्टर आणि एक नळी यांची गोष्ट सांगितली आणि ती चिडून का होईना, पण अगदी शेवटापर्यंत सांगितली. एका बाईंचा आवाज तर इतका सात्त्विक, की ऐकतच राहावं. “मी असले कार्यक्रम कधीच ऐकत नाही,” त्यांनी सुरुवात केली, “पण काल कानावर आलं म्हणून सांगते,” आणि मग त्यांनी जे सांगितलं, ते ऐकून चिमणीने कानांवर हात ठेवले.

“परत लाव तो,” जजबाई म्हणाल्या.

“तपासासाठी?”

“नाही. एवढी वर्षं न्यायालयात काढली, पण हा शब्द कधी ऐकला नव्हता.”

निरोप संपले. बाईंनी चष्मा काढून पुसला, परत घातला.

“चिमणे, एक गंमत बघ. शहरभरच्या लोकांनी एकच विनोद ऐकला. आणि पहिला म्हातारा सोडला, तर एकालाही तो सांगता येत नाही.”

३

दादा कार्यक्रम उरकून आला होता. त्याला काही झालेलं नव्हतं, आज सकाळीही त्याने ‘ठसका’ केला होता. पोट सुटलेला, गालांवर सदा हसू.

“आपण सडेतोड माणूस, बाई,” तो पाय पसरून म्हणाला. “पोटात एक ओठात एक, असलं आपल्याला जमत नाही. जे असेल ते तोंडावर.”

“वा. मग चिमणीने बटण दाबलं की नाही, ते मालकांच्या तोंडावर सांगितलंत?”

दादाचे पाय आपोआप जवळ आले. “म्हणजे... काचेतून तिचा हात हलताना दिसला खरा. दाबलं असेलही. पण मी कशाला मधे पडू? उगाच माझ्यावर शेकायचं. ती लहान आहे, लागेल दुसरीकडे.”

“विनोदानंतर काय केलंत?”

“लगेच जाहिराती लावल्या. नेहमीचंच.”

“बोलायच्या आधी नाकाने श्वास घेता, माहीत आहे का तुम्हाला?”

“कोण म्हणतं?”

“जी तुमच्याकडे तुमच्यापेक्षा जास्त लक्ष देते, ती,” बाई म्हणाल्या. “या आता.”

वहिनी खिडकीपाशी उभी राहून सिगारेट ओढत होती. रेडिओवरचा लाजरा आवाज तिने स्टुडिओतच ठेवलेला असावा. “त्या मुडद्या मालकाने पोरीचा बळी द्यायचं ठरवलंय,” ती म्हणाली. “विचारा काय विचारायचंय ते.”

“विनोद ऐकून तुम्ही काय केलंत?”

“खरं सांगू?” वहिनीने आजूबाजूला बघून आवाज खाली आणला. “हसले. फसकन हसले. मग हाताने तोंड दाबलं. जाहिराती चालू होत्या तेवढ्यात मालक येऊन काचेवर बडवायला लागले, माफी माग, माफी माग. जाहिराती संपल्यावर मी माफी मागितली. ‘श्रोतेहो, आत्ता आपल्या कानांवर जे पडलं त्याबद्दल आम्हाला क्षमा करा.’ गळाही दाटून आणला.”

“हसल्याचं कुणाकुणाला सांगितलंत?”

“वेड लागलंय का मला? माझ्या नावाची पुण्याई त्या शी-शी वर आहे. दादालाही कळलं नाही, तो स्वतःच्याच विनोदावर खिंकाळत होता. तुम्ही पहिल्याच.”

मालकांनी तर स्वतःहून दोन्ही तळवे पुढे केले. ते अजून लाल होते. “माझ्या खोलीत स्पीकर आहे. तिथे ऐकलं आणि धावत सुटलो. अशी बडवलीय काच! माझ्या पत्नीनेही घरी ऐकलं. म्हणाली, लाज वाटते मला तुमची.”

“काय ऐकलं त्यांनी?”

मालक कानापर्यंत लाल झाले. “ते... आम्ही त्यावर सविस्तर बोललो नाही.”

“आणि दादाला काढणार?”

“दादाला कसं काढणार, बाई? त्याच्यामुळे तर लोक ऐकतात.”

“म्हणजे चोर सोडून संन्याशाला सुळी.”

“धंदा आहे,” मालक म्हणाले आणि भिंतीवरच्या वाणीशुद्धीच्या फलकाकडे बघायचं त्यांनी टाळलं.

शेवटी सुविचारी आले. ‘ठसका’ संपला, की हे पाच-दहा वाक्यांत ‘आजचा सुविचार’ सांगत. पांढरे शुभ्र कपडे, हातात कातडी बॅग, आणि आवाज असा, की दुखऱ्या दाताला लावावा. कार्ड होतं ती रेकॉर्डिंगची खोली आणि ते रोज आपल्या पाळीची वाट बघत बसत ती पाहुण्यांची खोली एकमेकींना लागून होत्या आणि दोन्ही स्टुडिओच्या शेजारी, पण आपण तेव्हा तिथे नव्हतोच, असं त्यांनी न विचारताच सांगितलं.

“मी गाडीत होतो, बाई. सिग्नलला थांबलो होतो आणि रेडिओवर ते ऐकलं. कानांवर हात ठेवावेसे वाटले, पण हातात स्टिअरिंग होतं.”

“काय म्हणाला दादा?”

“ते माझ्या जिभेला शोभणार नाही.” त्यांनी डोळे मिटून घेतले. “दादाचं एक वेळ सोडा, तो उघड उघड वाह्यात आहे. मला वाईट वाटलं ते वहिनीचं. आधी खिदळायचं आणि मग गळा काढून माफी मागायची! समाजाला पोखरतो तो असला दुटप्पीपणा.”

“खरं आहे. आणि चिमणी?”

“क्षमा हा थोर गुण आहे. पण शिक्षेनंतर.” ते हळूच हसले. “साबणवाले म्हणत होते, सकाळची ती वेळ मलाच द्यावी. मी म्हटलं, बघू. मला कसला मोह?”

ते गेल्यावर बाईंना मोकळ्या हवेत जावंसं वाटलं. त्या जिना उतरायला लागल्या. या इमारतीत भिंतीभिंतीवर स्पीकर होते, स्टुडिओत शिंकलं तरी जिन्यात ऐकू यायचं. दुपारच्या कार्यक्रमातला निवेदक डास आणि टक्कल यांच्यावर काहीतरी विनोद सांगत होता. बाईंना हसू आलं नाही. त्या खाली दाराशी पोचल्या, तर तिथे रखवालदाराच्या टेबलावरच्या रेडिओने तोच डास आणि तेच टक्कल परत पहिल्यापासून सांगायला घेतलं. दुसऱ्यांदाही बाईंना हसू आलं नाही.

मग त्या उंबऱ्यातच थबकल्या.

रखवालदार उठून उभा राहिला. “काय झालं, बाई? बरं वाटत नाही का?”

“इतकं बरं सकाळपासून वाटलं नव्हतं,” जजबाई म्हणाल्या. “इथे जवळ पुरुषांचं सलून कुठे आहे?”

४

सलूनवाल्याने एवढ्या वर्षांत दाढी करायला आलेली बाई पाहिली नव्हती, त्यामुळे त्याने आधी खुर्ची झटकली आणि मग काय करायचं ते न सुचून नुसताच उभा राहिला. कोपऱ्यातल्या फळीवर रेडिओ लागलेला होता.

“सकाळी ‘ठसका’ लावता का?” बाईंनी विचारलं.

“लावता का म्हणजे? त्याच्याशिवाय वस्तरा चालत नाही माझा.”

“मग कालचा तो विनोद ऐकलात?”

सलूनवाल्याचा चेहरा पडला. “नाव काढू नका, बाई. कालचा दिवसच फुकट गेला. दादा साबणाचं वाचत होता, तन शुद्ध मन शुद्ध, आणि मधेच आवाज असा टुणकन उडी मारल्यासारखा झाला, की सरळ जाहिराती. आणि जाहिराती संपतात तोच वहिनी माफी मागतेय! कशाची? आम्ही सगळे एकमेकांच्या तोंडाकडे बघतोय. गिऱ्हाईकं दिवसभर विचारत होती, काय बोलला रे, काय बोलला. मी काय सांगू? कपाळ?”

“मी ऐकलं की,” गालांना फेस लावलेलं एक गिऱ्हाईक म्हणालं. “म्हशीबद्दल बोलला तो.”

“गप रे! तू काल आलाच नव्हतास.”

“घरी ऐकलं.”

“घरी तुझ्या रेडिओच नाही.”

फेसाचा माणूस आरशात बघायला लागला. सलूनवाला बाईंच्या जवळ आला. “तुम्हाला ठाऊक आहे का, बाई? खरंच काय म्हणाला?”

जजबाईंनी पर्स मांडीवर घेतली आणि निकाल वाचावा तशा शांत, स्पष्ट आवाजात दादाचा विनोद सांगितला. नुसता आवाज तेवढा काढला नाही. सलून असं हसलं, की सलूनवाल्याला वस्तरा खाली ठेवावा लागला. बाईंनाही राहवलं नाही, त्याही खळखळून हसल्या.

हसू ओसरल्यावर फेसाचा माणूस जरा हिरमुसून म्हणाला, “एवढंच? आमच्या मनात तर काय काय आलं होतं.”

“माहीत आहे,” बाई म्हणाल्या. “ऐकूनच आलेय मी ते सगळं.”

त्या रस्त्यावर आल्या आणि तरातरा स्टेशनकडे चालू लागल्या. ज्या गुन्ह्यासाठी एका पोरीला संध्याकाळी काढणार होते, तो गुन्हा मुळात घडलाच नव्हता. पण कार्ड खरोखरच चोरीला गेलं होतं, आणि ते चोरण्याचं कारण आता एकाच माणसापाशी उरत होतं.

५

मालकांच्या खोलीत सगळे जमले. दादा, वहिनी, सुविचारी, आणि दाराशी उभी चिमणी. टेबलावर चिमणीला काढल्याचा कागद सहीसाठी तयार ठेवलेला होता.

“बस,” बाई चिमणीला म्हणाल्या. “आरोपीलाही खुर्ची देतात.” मग त्या मालकांकडे वळल्या. “तुमच्या इमारतीतले सगळे स्पीकर स्टुडिओला थेट जोडलेत. आत बोललेलं जसं बोललं तसं, त्याच क्षणी इथे ऐकू येतं. बाहेर जातं ते नंतर, लाल बटणाच्या हाताखालून. इथली माणसं दिवसभर हे स्पीकर ऐकतात, आणि आपण ऐकलं तेच जगाने ऐकलं असं धरून चालतात. काल तुम्ही विनोद ऐकला, धावलात, काच बडवलीत, माफी मागायला लावलीत. पण बाहेर तो विनोद गेलाच नव्हता. माफी तेवढी गेली.”

“अहो पण तक्रारी?” मालक ओरडले. “ढिगाने लोकांनी ऐकलं!”

“लोकांनी माफी ऐकली. माफी आहे म्हणजे घाण असणारच, मग ज्याने त्याने आपापल्या मनातली घाण तिथे ठेवून दिली. निरोप ऐका एकदा. पलंग आहे, बैल आहे, नळी आहे. साबण कुठेच नाही. ‘मीही ऐकलं’ म्हणायची प्रत्येकाला हौस, आणि नुसतं ‘ऐकलं नाही’ म्हणण्यात काय मजा? तुमच्या पत्नींना काय ऐकू आलं ते विचारा. पण दार लावून विचारा.”

वहिनी फसकन हसली आणि या वेळी तिने तोंड दाबलं नाही.

“म्हणजे मी...” चिमणी उभी राहिली.

“तू दाबलंस. ‘कुठून’ म्हणायच्या आत. आता बस, संपलेलं नाही.” बाईंनी चष्मा काढून हातात घेतला. “तक्रारींत एकच तक्रार खरी होती. अगदी पहिली. त्या म्हाताऱ्याला विनोद शब्दन् शब्द पाठ होता. तेव्हा ते शब्द जिथे ऐकू आले तिथेच तो होता, याच इमारतीत. त्याच्या निरोपात मागे धप धप आवाज आहे. मला वाटलं कुणी सतरंजी झटकतंय. मालक, ते तुमचे तळवे. म्हणजे वहिनीची माफी जायच्याही आधी, तुम्ही काच बडवत असताना, काचेच्या जवळच्या खोलीतून कुणी तरी आवाज बदलून फोन करत होतं. तुम्ही काचेवर होतात. दादा आणि वहिनी आत, चिमणी बटणावर. उरलं कोण?”

सगळ्यांच्या माना एकाच दिशेने वळल्या.

“मी गाडीत होतो,” सुविचारी म्हणाले. आवाज अजून गोडच होता. “हजारो लोकांसारखं मीही रेडिओवर ऐकलं.”

“तेच तर. गाडीत बसून तुम्ही वहिनीला खिदळताना ऐकलंत.”

“हो! ऐकलं!”

“ते हसू विनोदाला चिकटलेलं होतं. बटण दाबल्यावर त्याच्याबरोबर तेही गळालं. वहिनीने ते कुणाला सांगितलेलं नाही, दादाला कळलेलं नाही. बाहेरच्या कुणाही माणसाला ते हसू ऐकू येणं शक्य नव्हतं. दुसऱ्याचा दुटप्पीपणा दाखवायची तुम्हाला इतकी घाई झाली, की आपण कुठे बसलो होतो तेच विसरलात.”

सुविचारींनी बॅग पोटाशी धरली.

“फोन तुम्ही विनोद बाहेर गेला असं समजूनच केलात,” बाई म्हणाल्या. “त्यात काही गुन्हा नव्हता. मग साबणवाल्यांना ऐकवायला पुरावा हवा म्हणून शेजारच्या खोलीत गेलात, कार्ड लावलंत, आणि त्यात विनोदच नाही! ते कार्ड कुणी ऐकलं असतं, तर प्रकरण तिथेच मिटलं असतं. ना दादाची वेळ तुम्हाला मिळाली असती, ना म्हातारा कुठून बोलला हे झाकता आलं असतं. म्हणून कार्ड खिशात गेलं. मुलीवर आळ येतोय हे दिसत होतं तुम्हाला. तुम्ही त्यावर सुविचार सांगितलात.”

भिंतीवरच्या स्पीकरवर दुपारचं गाणं चाललं होतं. सुविचारींनी बॅगेची चेन उघडली, आतल्या कप्प्यातून कार्ड काढलं आणि टेबलावर ठेवलं. त्यांचा खरा आवाज तेव्हा पहिल्यांदा ऐकू आला. तो त्या निरोपातल्या म्हाताऱ्यासारखा घोगरा होता.

“इतकी वर्षं चांगलं बोलतोय मी,” ते म्हणाले. “आणि लोक माझ्या वेळेला रेडिओ बंद करून आंघोळीला जातात.”

बाईंना क्षणभर त्यांची दया आली. मग त्यांनी चिमणीकडे पाहिलं आणि ती दया ओसरली.

मालक घाईघाईने उठले. “झालं, मिटलं! चिमणी, बेटा, उद्यापासून ये तू. बाई, हे सगळं इथल्या इथेच ठेवू.”

“माझा निकाल अजून दिलेला नाही,” जजबाई म्हणाल्या. “आणि तो जसाच्या तसा प्रसारित होतो. विसरलात?”

६

दुसऱ्या दिवशी ‘ठसका’च्या वेळेला माइकसमोर चिमणी बसली होती. निकाल तिने वाचायचा, असं निकालातच लिहिलेलं होतं. काचेपलीकडे, लाल बटणापाशी, कोण बसणार हेही त्यात होतं. तिथे दादा बसला होता.

“आपण सडेतोड माणूस, बाई, पण हे काम...” त्याने कुरकुर करून पाहिली.

“सोपं आहे. ऐकायचं आणि चुकायचं नाही,” जजबाई त्याच्या मागे खुर्ची घेऊन बसत म्हणाल्या.

चिमणीने आधी काय झालं ते सांगितलं. मग म्हणाली, “ज्या श्रोत्यांनी तो विनोद ऐकला, त्यांनी काय ऐकलं ते आता त्यांच्याच शब्दांत ऐका. नावं आम्ही सांगणार नाही.” आणि तिने निरोप लावले.

दादाला वाटलं होतं, त्याला या शहरातलं सगळं चावट ठाऊक आहे. पलंगाला त्याचा अंगठा वेळेवर बसला. बैलाला जेमतेम बसला. नळीला त्याच्या कपाळावर घाम आला. सात्त्विक बाईंचा निरोप सुरू झाला तेव्हा त्याने तोंडाचा आ केला, आणि जजबाईंनी पाठीत टोचलं म्हणून बरं.

इमारतीत भिंतीभिंतीतून सगळं स्वच्छ ऐकू येत होतं आणि मालक आपल्या खोलीत डोकं धरून बसले होते. शहराला मात्र एवढंच ऐकू गेलं: “मी असले कार्यक्रम कधीच ऐकत नाही, पण काल कानावर आलं म्हणून सांगते,” मग टुणकन एक उडी, आणि “संस्कार म्हणून काही उरलेच नाहीत!” सलूनमध्ये वस्तरे थांबले. घरोघरी काही माणसं अचानक रेडिओ बंद करायला धावली आणि त्यांच्या घरच्यांनी बटणावरचे त्यांचे हात धरले. आवाज ओळखीचे होते.

शेवटचा निरोप संपला. दादाने सदऱ्याच्या बाहीने तोंड पुसलं. “पोरगी रोज हे करते?” तो हळूच म्हणाला. “माझ्यासाठी?”

“रोज,” जजबाई म्हणाल्या. “आणि काल तुम्ही तिच्यासाठी एक वाक्य बोलला नाहीत.”

दादाने मान खाली घातली. पलीकडे चिमणी माइककडे झुकली होती. निकालाचं शेवटचं वाक्य तेवढं बाईंनी लिहिलं नव्हतं, ते तिचं तिने बोलायचं होतं. तिने जोरात श्वास घेतला, आणि सवयीने दादाचा अंगठा बटणावर गेला. मग त्याने तो उचलून घेतला आणि दोन्ही हात मांडीवर ठेवले.

“मी दाबलं होतं,” चिमणी म्हणाली.

काही क्षण ते वाक्य यंत्रात थांबलं आणि मग शहरभर गेलं.